रबराचं पिस्तूल

मी अमरावतीत मुलींना कराटे शिकवते. अकोल्यात तायक्वांदोचा क्लास चालवणारा एक जण माझा जुना मित्र. स्पर्धांमध्ये पंच म्हणून सोबत काम करता करता तो मला ताई म्हणायला लागला आणि मी त्याला भाऊ. आमच्याकडच्या एका हौशी दिग्दर्शकानं मारामारीचा सिनेमा काढला, तेव्हा हाणामारी बसवायला आम्हा दोघांना बोलावलं. पुढं त्यानं भाऊलाच खलनायक केलं. भाऊनं दाढी वाढवली. गालावर रोज व्रण रंगवला जायचा.

शूटिंग मोर्शी रोडवर, संत्र्याच्या एका बंद गोदामात होतं. नकली पिस्तुलं मुंबईहून आणली होती. जवळून दाखवायला धातूचं, आणि मारामारीत कुणाला लागू नये म्हणून रबराचं. हातात घेतलं की ते लवायचं, पण थोडं लांबून अगदी खरं दिसायचं. नायिकेनं गर्रकन वळून लाथेनं भाऊच्या हातातलं पिस्तूल उडवायचं, असा प्रसंग होता. तिचा पाय तेवढा उंच जात नव्हता, म्हणून तिचे कपडे घालून ती लाथ मीच मारत होते.

मधल्या सुट्टीत भाऊ रस्त्यापलीकडच्या टपरीकडे निघाला. पिस्तूल कमरेला खोचलेलंच.

"ते ठेवून जा न, भाऊ."

"अवं ताई, रबराचं तं हाये. चहा घेऊन येतो, तुह्यासाठी बी."

येणाऱ्याजाणाऱ्या कुणीतरी पाहिलं आणि पोलिसांना फोन केला. पोलिसांना कळवून ठेवलंय, असं दिग्दर्शक आम्हाला सांगत आला होता. त्यानं कळवलंच नव्हतं.

आरडाओरडा ऐकून मी गोदामाच्या दारात आले. रस्त्याच्या मधोमध भाऊ उभा होता, दोन्ही हातांत चहाचे कप. समोर पोलिसांची गाडी, आणि एका साहेबाच्या हातात पिस्तूल. ते मात्र खरं होतं.

"हात वर कर!"

कप पडले. भाऊ म्हणाला, "साहेब, नकली हाये, दाखवतो," आणि त्याचा हात कमरेकडे गेला.

हात नको लावू, असं मला ओरडायचं होतं. सकाळपासून पिस्तुलं उडवत असलेली मी, दारात हात वर करून उभी राहिले. मला तर कुणी हात वर करायलाही सांगितलं नव्हतं.

गोळी सुटली नाही. मागून आलेल्या दोन शिपायांनी भाऊला डांबरावर पाडलं, एकानं पाठीवर गुडघा रोवला, हात मागं पिरगाळला. खांद्यातून काहीतरी निसटल्याचा आवाज मला दारापर्यंत आला. साहेबानं त्याच्या कमरेचं पिस्तूल ओढून काढलं, दाबून पाहिलं. ते वाकलं.

संध्याकाळी भाऊला सोडलं. सिनेमा तिथंच थांबला. पण टपरीवरच्या कुणीतरी व्हिडिओ काढला होता, आणि 'अमरावतीत अतिरेकी पकडला' असं लिहून तो गावोगाव फिरला. दाढी, व्रण, डांबरावर दाबलेला गाल. मी दिसेल त्या ग्रुपवर खरं काय ते लिहीत राहिले. लोक खाली अंगठ्याचं चिन्ह टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ पुन्हा यायचा. भाऊच्या क्लासमधल्या मुलांच्या घरी फोन केले. एक आई म्हणाली, "आमाले मालूम हाये सर चांगले हायेत. पण घरचे आयकून नाई राह्यले न, मॅडम."

क्लास बंद झाला. भाऊ हिवरखेडला, घरच्या शेतीकडे गेला. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले. दाढी नव्हती. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून सदरा घालताना बायको मदत करते. ती आत गेल्यावर त्यानं विचारलं, "ताई, तू दारातच होती न तवा?"

"हो."

"मले वाटलं तू येशीन."

मग तोच म्हणाला, "येऊन बी काय केलं असतं म्हना."

बाहेरून त्याच्या वडिलांनी हाक मारली. तो उठला आणि डाव्या हातानं दाराची कडी काढून विहिरीवरची मोटार बंद करायला गेला.