नापासबाई

तोंडावर तिला सगळे बाई म्हणत आणि पाठ वळली की नापासबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. बंदुकीचा परवाना काढायचा तर तिच्या हाताखालून जावंच लागे. नेमबाजीच्या त्या लांबट पत्र्याच्या शेडमध्ये भलेभले छाती काढून येत आणि तोंड पाडून घरी जात. नेम चुकला म्हणून नव्हे हं. चुकलेला नेम ती एक वेळ पोटात घालायची. पण बंदूक उघडून आत न बघता कुणी "रिकामीच आहे हो" म्हणाला, की त्याचं संपलंच. "कुणी सांगितलं रिकामी? बंदुकीनं?" एवढंच विचारायची आणि पुढच्याला हाक मारायची.

हा धडा तिला दिला होता दादानं. आईवडील लवकर गेले, दादानंच तिला लहानाची मोठी केली. तो बँकेच्या दारात पहारेकरी. बंदूक त्याची स्वतःची, दोन नळ्यांची, आणि नोकरी त्या बंदुकीच्या जोरावर. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून तो ती पुसायचा, आणि ही जवळ गेली की आधी बंदूक मधून उघडून दोन्ही नळ्यांतून दिवा दाखवायचा. "माझ्या शब्दावर जाऊ नकोस, ठमे. डोळ्यानं बघ."

आता नियम बदलला. जुन्या परवानेवाल्यांनाही परीक्षा लागू झाली, आणि दादाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"उभा जन्म बँकेच्या दारात गेला माझा. आता मला शिकवणार बंदूक कशी धरायची?"

"शेवटची गोळी कधी झाडलीस, ते सांग."

"झाडायची वेळच आली नाही!"

"म्हणूनच परीक्षा, दादा."

"चल गं! परवाना दिला तेव्हा काय डोळे मिटून दिला होता? माणसाच्या इमानावर भरवसा नाही उरला, म्हणून ही थेरं."

वहिनी तिथंच भाजी चिरत होत्या. ही निघाली तशा दारापर्यंत आल्या आणि हलकेच म्हणाल्या, "हात कापतात हो हल्ली यांचे. चहाची बशीसुद्धा वाजते. नापास झाले तर नोकरी जाईल, आणि नोकरी गेली तर हा माणूस घरात बसून झुरेल. काय ते बघा तुम्ही."

काय बघायचं? शेडमध्ये नेमबाजीच्या शेजारच्या रांगेवर फौजी होता, निवृत्त सैनिक, तोही परीक्षा घ्यायचा. दादाला त्याच्याकडे पाठवायला हवं होतं, अगदी शहाण्या माणसासारखं. पण दादा अडून बसला, परीक्षा घेईल तर ठमीच. आणि हिला वाटलं, आपण कुठे कुणाला सोडतो? सगळ्यांना एकच माप.

परीक्षेच्या दिवशी दादा कडक इस्त्रीचा गणवेश घालून आला. वहिनी पाण्याची बाटली मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसल्या. सहा गोळ्या, त्यातल्या चार समोरच्या पाटीवर लागायला हव्यात. दादानं दोन काडतुसं घातली, बंदूक खांद्याला लावली, आणि नळीचं टोक असं थरथरायला लागलं की बाईच्या काळजाचं पाणी झालं. नको रे दादा, नीट धर.

दोन्ही लागल्या. पुढच्या दोन्हीही लागल्या. बाकावरून वहिनींचा हुंदका की हसू, काहीतरी ऐकू आलं. म्हातारा चार पावलं चालला तरी धापा टाकणारा, आणि नेम बघा! शेवटची दोन काडतुसं त्यानं घातली. पाचवीही लागली. सहाव्या वेळी आवाज झाला, दादाचा खांदा हिसकला, पण पाटीवर काही उमटलं नाही. एक चुकली तर चुकली.

"पास!" बाई जवळजवळ ओरडलीच. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द असा कधी निघाला नव्हता.

दादानं कानावरचे टोप काढले, डोळे पुसले आणि बंदूक टेबलावर आडवी ठेवली. "रिकामी आहे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

वहिनी उठून टेबलाजवळ आल्या, बंदुकीची पिशवी उघडून अगदी नळ्यांच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या. तेवढ्यात पलीकडून फौजीचा आवाज आला, "बाई, माफ करा, त्यांचा शेवटचा बार मला दिसला नाही. तो आवाज माझ्या रांगेवरचा होता."

बाई टेबलाकडे धावली. "वहिनी, बाजूला व्हा. आधी बाजूला व्हा!"

तिनं बंदूक हळूच भिंतीकडे वळवली आणि उघडली. एका नळीत जळकं काडतूस होतं. दुसऱ्या नळीतलं कोरं करकरीत, जिवंत. दोन नळ्यांना दोन चाप, आणि दादानं सहाव्या वेळी पुन्हा पुढचाच ओढला होता. मागचा ओढायचा राहून गेला, शेजारच्या बाराला दचकून खांदा हिसकला, आणि तो बार त्यानं आपला समजला.

वहिनी पिशवी हातात धरून तशाच उभ्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "घरीही रोज मीच ठेवते पिशवीत. हे म्हणतात रिकामी आहे, मी ठेवते."

दादा मटकन बाकावर बसला.

"नापास," बाई म्हणाली. तिला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही. "दादा, तू नापास. आणि फौजी, माझ्या नावापुढेही तेच लिहा. मी आत बघितलं नाही. दादा म्हणाला म्हणून बघितलं नाही."

"तुमच्या नावापुढे कसं लिहू, बाई?"

"जसं दुसऱ्यांच्या लिहिता तसं. उद्यापासून इथं तुम्ही उभे राहा. मी पुन्हा परीक्षा देईन, तुमच्यासमोर."

दादा स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. ती वाट बघत होती, आता म्हणेल, तुला वाढवली ती याचसाठी का. हक्क होता त्याचा. पण तो उठला, टेबलाशी आला आणि बंदूक उचलली. त्यानं दोन्ही काडतुसं काढून टेबलावर ठेवली, आणि उघडी बंदूक तिच्यासमोर धरली.

"ठेवून घे इथंच. घरी नको."

तिनं हात पुढे केला.

"थांब," दादा म्हणाला. "आधी बघ."

तिनं डोळे पुसले आणि वाकून बघितलं. एका नळीतून खिडकीचा उजेड दिसला, मग दुसरीतूनही. तेव्हा कुठे तिनं बंदूक त्याच्या हातातून घेतली.