शुक्रवारी मोठ्यानं म्हटलेलं गाणं

समस्त बुऱ्हाणपूरकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की आमच्या घरात पाण्याची मोटर होती. ही गोष्ट गल्लीला ठाऊक नव्हती, नगर निगमला ठाऊक नव्हती, आणि हसू नका, मलाही ठाऊक नव्हती.

मोटर म्हणजे थेट नळाला जोडतात ती. आमच्याकडे नळ सकाळी सहाला येतो, अर्धा तास. एकानं मोटर लावली की पुढच्या घरांना नुसती हवा. गल्लीचं शेवटचं घर एका एकट्या म्हातारीचं. आम्ही तिला काकू म्हणतो. उन्हाळ्यात तिचा हंडा कोरडा राहू लागला, तेव्हा मीच माझ्या ओट्यावर बैठक बोलावली. मोटर कोणीच लावायची नाही असं ठरलं. कोणी तापीमाईची शपथ घेतली, कोणी लेकराबाळांची. माझी पाळी आली. मी उठलो, पांढरा सदरा झटकला आणि म्हणालो, "आम्ही ख्रिस्ती माणसं शपथ घेत नाही. आमचं होय ते होय, नाही ते नाही."

गल्ली गार! समोरचे टेलर म्हणाले, "भैया, तुमची नुसती मान हलली तरी आपल्याला बस झालं."

त्या वाक्यावर मी दोन महिने जगलो. सकाळी आंघोळ करून प्रार्थना, कामावरून आलो की पुन्हा आंघोळ, अंगात रोज बायकोनं घरी धुतलेला, परीटघडीसारखा सदरा. पवित्र माणूस कसा स्वच्छ दिसायला हवा! चर्चमध्ये उभं राहून साक्षही दिली, की मोटर नसताना आमची टाकी काठोकाठ भरते. नीतीनं चालणाऱ्याला प्रभू काही कमी पडू देत नाही. बायको पुढच्याच बाकावर होती. तिचं 'आमेन' जरा उशिरा आलं खरं.

काकूचा हंडा मात्र कोरडाच. "भाऊ, आजबी हवाच आली पाहा," ती म्हणायची. म्हणजे कोणीतरी शब्द मोडत होतं. माझा संशय टेलरवर. मी त्यांच्या भिंतीला कान लावून पाहिला, पण मागच्या गल्लीत यंत्रमागांचा असा खडखडाट, की काही कळेना. माग शुक्रवारी बंद असतात. पण नेमकं शुक्रवारीच बायको म्हणायची, "अहो, आज शांतता आहे. प्रार्थनेचं गाणं मोठ्यानं म्हणा ना. लोकांनाही ऐकू जाऊ दे."

असं कोणी म्हटलं तर कुठला गवई गप्प बसेल? सहाच्या ठोक्याला मी सूर लावायचो. पहिलं कडवं ती टाळ्या वाजवायची, मग चहा टाकायला आत जायची. गाणं संपवून मी ओट्यावर येत असे आणि टेलरना विचारत असे, "काय, मन साफ आहे ना?"

"मन साफ आहे भैया. टंकी त्याहून साफ आहे," ते म्हणायचे.

मग एका शुक्रवारी माझा घसा बसला. गाणं मनातल्या मनातच म्हणत होतो, तेवढ्यात मोरीतून आवाज आला. घूंऽऽ. पालथं घमेलं उचललं. खाली हिरवी मोटर, माझ्याच जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली. नाताळात मेहुण्यानं आणलेलं ते खोकं मी मिक्सरचं समजलो होतो!

मागे वळलो तर दारात टेलर, आणि रिकामा हंडा कमरेवर घेतलेली काकू. आवाजाच्या मागावर आले होते. ज्या माणसाला मी दोन महिने चोर समजलो, त्यानं माझ्याकडे पाहून मान खाली घातली. माझी लाज त्याला वाटली. आणि जिनं वेदीपुढे माझा हात धरला होता, तिनं माझं 'होय' खोटं करून टाकलं होतं. माझ्या भजनाचंसुद्धा तिनं पालथं घमेलं केलं होतं.

बायकोनं धावत येऊन बटण बंद केलं. घूंऽऽ थांबलं. मग गल्लीच्या पार टोकाला, काकूच्या उघड्या नळाखालच्या बादलीत, पाणी पडू लागलं. शुक्रवार होता, सगळ्यांना ऐकू आलं.

मला पुष्कळ बोलायचं होतं. बसलेल्या घशातून एवढंच निघालं, "विश्वासघात!"

ती पदराला हात पुसत होती. ती थांबली, आणि टेलर, काकू सगळ्यांदेखत ओरडली, "अहो, तुमचं पवित्रपण रोज सहा बादल्या पाणी पितं, ते मी आणू कुठून?"