ऑफसाइडवाले सातूराव

सातूरावांचं खरं नाव सातुर्निनो. त्यापुढे बापाचं एक आणि आईचं एक अशी दोन आडनावं, पण ती इथे, नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमध्ये, कुणालाच धड म्हणता येत नाहीत. 'सातूराव' हे बारसं केलं सुनेत्राने, म्हणजे श्रीनिवास केसकरच्या बायकोने. एकदा ते जेवायला आले होते आणि तिने तिसऱ्यांदा भात वाढला तेव्हा "सातूराव, लाजू नका" असं तिच्या तोंडून निघून गेलं. तेव्हापासून तेच चिकटलं. त्यांनाही आवडलं. स्पेनमध्ये त्यांना लोक ज्या नावाने हाक मारत होते त्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं, पण ते पुढे येईलच.

हल्ली सातूराव बस चालवतात. त्याआधी मात्र हा माणूस चक्क व्यावसायिक फुटबॉलपटू होता. तुमच्या डोळ्यांसमोर आलिशान गाड्या वगैरे आल्या असतील तर त्या आधी गॅरेजात लावा. सातूराव स्पेनच्या तिसऱ्या विभागात खेळले, मग दुसऱ्या, एवढंच. आणि खेळले ते बचावफळीत. म्हणजे गोल करणारा नव्हे. दुसऱ्याने गोल केला की ज्याच्या नावाने अख्खं गाव बोंब मारतं, तो.

त्यात गंमत अशी, की सातूरावांना पळता येत नव्हतं. म्हणजे यायचं, पण आपण पोस्टाच्या रांगेत पुढे सरकतो तेवढंच. सगळी कारकीर्द त्यांनी एका युक्तीवर काढली. समोरचा गडी पळत सुटला की आपण त्याच्यामागे न पळता उलट दोन पावलं पुढे यायचं, उजवा हात आभाळात न्यायचा आणि गळा काढायचा, "ऑफसाइड!" नियम तसा साधा आहे हो. चेंडू पुढे मारला जातो त्या क्षणी, पळणारा गडी आणि गोल यांच्यामध्ये समोरच्या संघाचे निदान दोघे हवेत. एक गोलकीपर असतोच. दुसरा आपण. आपण वेळेवर पुढे सरकलो की तो गडी उघडा पडला. मग मैदानाच्या कडेला उभा असलेला लाइन्समन झेंडा वर करतो आणि केलेला गोलही बाद होतो.

ही युक्ती वर्षानुवर्षं चालली. मग मोसमाच्या शेवटच्या सामन्यात नेमकी फसली. बरोबरी झाली असती तरी त्यांचा संघ दुसऱ्या विभागात टिकला असता. शेवटच्या क्षणी चेंडू पुढे आला, सातूरावांनी हात वर केला, लाइन्समनने झेंडा काही वर केला नाही, आणि मागे गोल झाला. संघ खाली घसरला. हे सगळं कुणीतरी इंटरनेटवर चढवलं. एकवीस माणसं धावताहेत आणि मध्ये एकटे सातूराव हात वर करून खांबासारखे उभे! लोकांनी त्यांचं नाव ठेवलं 'पुतळा'. भाजीवालीसुद्धा त्यांना बघून हात वर करायला लागली. स्पेनमध्ये मग कुणी घेईना, म्हणून गडी नेदरलँड्समध्ये आला, इथल्या एका छोट्या संघात दोन मोसम खेळला, गुडघे गेले, आणि बसच्या स्टिअरिंगमागे जाऊन बसला. पण एक हेका त्याने सोडला नाही. तो गडी ऑफसाइड होता! होता म्हणजे होता!

आता अशा माणसाच्या नशिबी मित्र कोण यावा? श्रीनिवास केसकर!

श्रीनिवास हा खोटं न बोलणारा माणूस. ऐकायला छान वाटतं, पण त्याच्याबरोबर एकदा लग्नाला जाऊन बघा. स्वतःच्या साखरपुड्यात त्याने सुनेत्राच्या काकांना चारचौघांत सांगितलं होतं, की तुमचा विग डावीकडे सरकलाय. त्यात नोकरीही अशी मिळाली, की दुष्काळात तेरावा महिना. चिपवर अतिसूक्ष्म नक्षीचे थर एकावर एक छापतात. वरचा थर खालच्या थरावर नेमका बसलाय की केसाच्या हजाराव्या भागाइतका सरकलाय, हे बघायचं आणि सरकला असेल तर बोंबलायचं, हे त्याचं काम. पगार घेऊन खुसपटं काढणारा माणूस म्हणा ना.

तो सातूरावांच्या बसने कामावर जायचा. आठवड्याचे पाच दिवस 'गुड मॉर्निंग' करून ओळख झाली. सातूराव तेव्हा रविवारी गावच्या क्लबच्या पाचव्या संघात खेळायला लागले होते. पाचवा संघ म्हणजे काय ते ओळखा. सुतार, दाताचे डॉक्टर, ढेरीवाले, घटस्फोटित, सगळे. एका रविवारी त्यांचा लाइन्समन आजारी पडला, तेव्हा सातूरावांनी श्रीनिवासला सायकलवरून जाताना अडवलं आणि हातात झेंडा कोंबला.

"इंजिनियर, डोळे चांगले आहेत ना तुझे? मग हो उभा."

इथे एक गोष्ट श्रीनिवासला कुणी सांगितली नाही, कारण नेदरलँड्समध्ये ती सांगावी लागत नाही. या पातळीवर त्रयस्थ लाइन्समन नसतात. प्रत्येक संघ आपलाच एक माणूस झेंडा देऊन उभा करतो. आणि आपला माणूस म्हणजे आपला माणूस! समोरच्यांचा गडी चेंडू घेऊन सुटला की त्याने झेंडा वर करायचा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. दोन्हीकडचे तेच करतात, त्यामुळे हिशोब सरळ राहतो.

श्रीनिवासने मात्र त्या दिवशी रेषा बघितली. सातूरावांनी सारखा हात वर केला, श्रीनिवासने सारखी नकारार्थी मान हलवली, आणि संघाने सपाटून मार खाल्ला. नंतर कँटीनमध्ये हा महाभाग बिअरखालच्या पुठ्ठ्यावर चित्र काढून सातूरावांना समजावायला लागला, की तुमचा डावा पाय कसा मागे राहिला होता. दाताच्या डॉक्टरने तो पुठ्ठा खाऊन टाकतो अशी धमकी दिली.

मग त्याला काढलं का नाही, असं विचाराल. अहो, पावसात, वाऱ्यात, फुकट उभा राहणारा दुसरा कुणी मिळाला तर काढतील ना! शिवाय समोरचे संघ त्याच्यावर खूश. त्याच्यासाठी गरम कॉफी आणायचे. एका संघाने तर 'आमच्याकडे येता का' म्हणून विचारलंही. सातूराव दर रविवारी त्याला स्पॅनिशमध्ये शिव्या घालायचे आणि दर सोमवारी बसमध्ये त्याच्यासाठी पहिली सीट राखून ठेवायचे. अशी सात वर्षं गेली.

यंदा गुडघ्यांनी हात टेकले. सातूराव हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे गेले. इथला डॉक्टर मोडलेल्या हाडालाही पॅरासिटामॉल देतो. तो जेव्हा "आता बास" म्हणाला तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं. मोसमाच्या शेवटच्या रविवारी निरोपाचा सामना ठरला. त्याआधीच्या आठवड्यात सातूराव केसकरांच्या घरी आले आणि खुर्चीत बसले.

"इंजिनियर," ते म्हणाले, "तू केसापेक्षा बारीक गोष्टी मोजतोस. तो व्हिडिओ मोज. माझ्या निरोपाला सगळ्यांसमोर सांग. जे असेल ते सांग, पण तू सांग. तू खोटं बोलत नाहीस. तू म्हणालास ऑफसाइड, की मी सुखाने बूट टांगीन."

ते गेल्यावर श्रीनिवासने घरच्या लॅपटॉपवर मोजायला घेतलं. गवत कापल्याचे पट्टे धरून रेषा आखल्या, कॅमेऱ्याचा कोन काढला, चेंडू सुटला ती नेमकी फ्रेम थांबवली. मग तीच फ्रेम परत परत मोजली. सुनेत्रा चहा घेऊन आली.

"काय रे? भूत बघितल्यासारखा काय बसलायस?"

"ऑनसाइड आहे. वीतभर."

"अरेरे! पण सातूराव तर रेषेच्या पुढे दिसतायत की."

"पाय पुढे आहेत. पण हात वर करायच्या नादात ते कमरेतून वाकले. त्यामुळे..." श्रीनिवासने स्क्रीनवर बोट ठेवलं. "नियमात हात धरत नाहीत. पण हे धरतात."

सुनेत्राने वाकून बघितलं आणि चहाचा कप आधी खाली ठेवला, कारण तिला हसू आवरेना. "म्हणजे त्या बिचाऱ्याची अख्खी कारकीर्द त्याच्या स्वतःच्या ढुंगणाने बुडवली?"

"हो."

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते पुसून ती एकदम गंभीर झाली. "श्री, हे सांगायचं नाही. ऑफसाइड म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

"मला नाही जमणार."

"न जमायला काय झालं? एक शब्द तर आहे! इतकी वर्षं तो माणूस पुतळा म्हणून जगला, त्याला एक संध्याकाळ दे की. माझ्या काकांचं वाटोळं केलंस तेवढं पुरे."

तो आठवडा श्रीनिवासला अन्न गोड लागलं नाही. बसमध्ये सातूराव आरशातून त्याच्याकडे बघून भुवया उडवायचे आणि हा खिडकीबाहेर बघायचा. खरं सांगावं तर मित्र मातीत जातो. खोटं बोलावं तर आजवर कधी बोलला नव्हता, आणि ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्याच्याशीच सुरुवात करायची! रविवारी सकाळपर्यंत त्याचं ठरत नव्हतं.

निरोपाचा सामना पाचवा संघ रीतसर हरला. मग सगळे कँटीनमध्ये जमले. क्रोकेट, म्हणजे इथले खिम्याचे लांबट वडे, तळले जात होते, बिअर वाहत होती, भिंतीवर सातूरावांचे जुने फोटो लावले होते. दाताच्या डॉक्टरने ग्लासवर चमचा वाजवला. "इंजिनियर! निकाल!"

श्रीनिवास उठला. समोर सातूराव इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. सुनेत्राने टेबलाखालून त्याच्या पोटरीवर लाथ मारली.

"ऑफसाइड," श्रीनिवास म्हणाला. "वीतभर."

कँटीन डोक्यावर घेतलं लोकांनी! कुणी बाकांवर चढलं, कुणी क्रोकेट उडवले. सातूराव मात्र ओरडले नाहीत. त्यांनी येऊन श्रीनिवासच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, नाक पुसलं आणि खिशातून फोन काढला.

"आता एलादियोला सांगतो."

एलादियो कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. एलादियो म्हणजे त्या दिवशी झेंडा वर न करणारा लाइन्समन. आता म्हातारा झालाय, बायको गेली, दूर कुठल्याशा खेड्यात राहतो. आणि दर वर्षी मोसम संपला की सातूराव त्याला फोन करून यथेच्छ शिव्या घालतात, तोही उलट घालतो, असं त्यांनी रिंग वाजता वाजता सगळ्यांना सांगितलं. फोन स्पीकरवर होता. म्हातारा बोलत होता आणि सातूराव कँटीनसाठी भाषांतर करत होते.

"तो विचारतोय, इंजिनियरने नीट मोजलं का? मी म्हटलं, तो खोटं बोलत नाही!"

श्रीनिवासने खाली बघितलं.

"तो म्हणतोय, मग माझं चुकलं. मला माफ कर, सातुर्निनो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सातूरावांनी हात वर करून लोकांना गप्प केलं. "तो म्हणतोय..." आणि ते थांबले. "तो म्हणतोय, बरं झालं, एकदाचं मिटलं. म्हणजे आता तुझा फोन यायचा नाही."

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"म्हणतोय, मुलगी दर वर्षी मला फोनपाशी खुर्ची टाकून देते, तिला सांगतो, आता नको." सातूरावांचा आवाज बारीक झाला. त्यांनी फोनकडे बघितलं, मग श्रीनिवासकडे, मग परत फोनकडे. पुतळा म्हणून चिडवलेलं सांगतानाही श्रीनिवासने त्यांचा असा चेहरा बघितला नव्हता.

"थांबा!" तो ओरडला. "मी खोटं बोललो! ऑनसाइड होता तो! पाय पुढे होते, पण तुमचं ढुंगण मागे होतं! वीतभर! माझ्याकडे फोटो आहे!"

सुनेत्राने कपाळाला हात लावला. सातूरावांनी सावकाश, एकेक शब्द, ते फोनमध्ये सांगितलं. पलीकडे म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, तरी थांबेना.

आणि सातूरावांचा चेहरा लाल झाला. मान ताठ झाली. उजवा हात खांद्यातून सुटून थेट छताला लागला.

"ढुंगण? माझं? तुझा लॅपटॉप भंगार आहे, इंजिनियर! तुझे डोळे भंगार आहेत! आणि तू काय हसतोस रे, आंधळ्या म्हाताऱ्या! तू तेव्हाही आंधळा होतास! ऑफसाइड! ऑफसाइड!"

पलीकडून म्हातारा तेवढ्याच जोरात काहीतरी किंचाळत होता, आणि सातूरावांनी आता भाषांतराचा नाद सोडला होता. ते फेऱ्या मारत होते, दुखऱ्या गुडघ्यांवर, लंगडत, आनंदाने फुलून. अर्धा तास हे चाललं. शेवटी त्यांनी फोनवर हात ठेवून सगळ्यांना एवढंच सांगितलं, "म्हणतोय, पुढच्या वर्षी जरा लवकर कर, मला नऊला झोप येते." मग फोन परत तोंडाशी धरला आणि शिव्यांना पहिल्यापासून सुरुवात केली.