लांबचे पाहुणे

नेकनूरला बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा माझा एक ओळखीचा आहे. समुद्र त्याने कधी पाहिलेला नाही, पण बैठकीतल्या काचेच्या टाकीत प्रवाळ आणि केशरी मासे जगवलेत. बोलतो माझ्याशी, बघतो टाकीकडे.

"लोक गोड्या पाण्यासाठी वणवण करतात, अन् तू खारं करतो बे?" मी एकदा डिवचलं.

"आईक, पाणी उडून जातंय, मीठ मागंच राहतंय. मंग वरून गोडंच टाकावं लागतंय."

परवा भर उन्हात गेलो. जारात ग्लासभरच पाणी उरलेलं. तो ग्लास भरून उठला. मी हात पुढे केला. त्याने ते हळूच टाकीत सोडलं.

"टँकर यील आता. तू चौसाळ्याहून आलास. ते लई लांबून आलेत."