वकीलबाईंचं वाक्य आणि माझी बाजारातली जागा

बोरी अरबच्या आठवडी बाजारात मी भांडी विकतो. बाप दुसऱ्याच्या दुकानात हमाली करायचा. माझं पाल मी एकेक पातेलं जोडून उभं केलं. त्यामुळे कोणी किंमत सांगितली की ती पाडल्याशिवाय मला राहवत नाही. अशा माणसाकडे दारव्ह्याच्या कोर्टातल्या एक वकीलबाई यायच्या. संविधानातल्या हक्कांवर त्या पेपरात लिहीत. छापायला देण्याआधी लेख मला वाचून दाखवत, कारण मी सातवी नापास आणि तोंडाचा फटकळ.

पहिल्याच बाजारी म्हणालो, "ताई, हे वाक्य भलतं महाग लावलं तुम्ही."

"किती कमी करू?"

"निम्म्यात द्या. नाहीतर गिऱ्हाईक पुढच्या पालावर जाते."

त्या हसल्या नाहीत. पेन काढून वाक्य कापलं. न्यायाधीशासमोर एक शब्द मागे न घेणारी ही बाई माझ्यापुढे दर बाजारी तीन-चार वाक्यं सोडायची.

मग ग्रामपंचायतीने माझी वीस वर्षांची जागा दुसऱ्याला दिली. ना नोटीस, ना विचारणा. मी नाल्याकाठी पाल टाकलं. बाईंना म्हणालो, "आता माह्यावर लिहा. नावानिशी."

"नाही लिहिणार, भाऊ. तुम्ही माझे माणूस. माझ्याच माणसाची बाजू घेतली, तर उद्या माझं लिहिलेलं कोण खरं मानेल?"

"मंग मी इतके दिवस कायले डोकं खपवलं?"

पुढचे दोन बाजार त्या आल्या, मी पाठ फिरवून भांडी मांडत राहिलो. तिसऱ्या बाजारी नाल्याच्या चिखलात उभ्या राहून त्यांनी कागद वाचला. नाव कोणाचंच नव्हतं. उठवण्याआधी माणसाला आपली बाजू मांडू द्यावी लागते, हे चार ओळींच्या एका वाक्यात लिहिलं होतं. राग होता, पण सवय जाईना. मी म्हणालो, "'आधी ऐका, मग उठवा.' इतकंच ठेवा."

तेच छापून आलं. कात्रण घेऊन मी सरपंचासमोर बसलो आणि जन्मात पहिल्यांदा आवाज न चढवता बोललो. सुनावणी झाली. अर्धी जागा परत मिळाली.

आता त्या लेखांचं पुस्तक निघालं आहे. माझं नाव त्यातही नाही, आणि ते मला अजून सलतं. पण इतकी सरळ बाई मी दुसरी पाहिली नाही. उरलेल्या अर्ध्या जागेसाठी मी पाच पानी अर्ज लिहिला आणि परवा त्यांना वाचून दाखवला. त्यांनी पेन काढलं आणि साडेतीन पानं कापली.