भांड्याची खुर्ची

पायाखाली ओलं लागलं तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी पाणी सांडलं. मग ते गरम लागलं आणि कळलं. मी स्टेजवर बसले होते, पुढं हॉल भरलेला. निऱ्यांमधून धार खाली उतरली, स्टेजच्या लाल कापडावर पसरली आणि पहिल्या रांगेकडं निघाली. थांबवायला गेले तर थांबेना.

शेजारी कुबड्या घेऊन एक पांगळा गडी बसला होता. त्यानं खाली पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आजी, पाहुणे यायच्या आधीच उद्घाटन केलंत की!"

पुढच्या रांगा हसल्या. मागच्यांनी काय झालं म्हणून विचारलं, त्यांना सांगण्यात आलं, मग तेही हसले.

मी बसले होते ती खुर्ची संडासाचीच होती. मधे भोक, खाली भांडं. पण भांडं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला ठेवलं होतं आणि भोकावर गादी टाकली होती. फोटोत बरं दिसावं म्हणून.

त्या खुर्चीसाठीच मी तिथं गेले होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून मला चालता येत नाही. संडास चाळीच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. सुनेला मी एकटीला उचलत नाही, म्हणून मुलगा नेतो. सगळ्यांच्या दारांवरून, हातांवर घेऊन. आत बसवतो आणि पाठ करून उभा राहतो. कधी काही बोलत नाही. मी पाणी पिणं कमी केलं, रात्रीचं जेवण सोडलं. तेवढ्यात कळलं की म्हाताऱ्यांना आणि अपंगांना लागणाऱ्या वस्तू वाटायचं शिबिर आहे. शिबिराची माणसं घरी येऊन मापं घेऊन गेली, मग मंगल कार्यालयात वाटपाला बोलावलं.

वाटपाची एक रीत असते. वस्तू आधीच आणून ठेवतात, पण पाहुण्यांचा हात लागल्याशिवाय कुणी न्यायची नाही. आम्हाला सकाळीच स्टेजवर आणून बसवलं, ज्याच्या त्याच्या खुर्चीत, काठीसकट. पाहुणे दुसऱ्या कार्यक्रमात अडकले होते.

सून दोनदा वर येऊन कानात विचारून गेली, "आत्या, जायचंय का? ह्यांना बोलवू?"

"मला धरायची सवय हाय. तू बस जा."

खोटं नव्हतं. मी जन्मभर विड्या वळल्या. कारखान्यात एकदा पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घेतलं की आम्ही बायका उठत नसू, उठलं की माल कमी भरायचा. कोण किती वेळ धरते यावर आमच्यात चिडवाचिडवी चालायची आणि मी कधी हरले नाही. त्याचा मला तोरा होता. शिवाय इथं उठायचं म्हणजे मुलानं हॉलभर लोकांसमोर मला उचलायचं. ते मला नको होतं.

हसणं चालू असतानाच सून धावत आली. टेबलावर पाहुण्यांच्या सत्काराची चादर घडी करून ठेवली होती. तिनं ती ओढली आणि माझ्या मांडीवर टाकली.

माईकवाला म्हणाला, "अहो ताई, ती सत्काराची आहे!"

"मग त्यांचा नारळावर भागवा."

मागून मुलगा आला. त्यानं मला उचललं. जे टाळायला मी सकाळपासून धरून बसले होते तेच झालं, वर लुगडं भिजलेलं. मान खाली घालून तो मला पडद्यामागं घेऊन गेला.

तिथं आयोजकांपैकी एक जण आला. "आजी, आता ही खुर्ची पाहुण्यांच्या हातून कशी द्यायची?"

"नका देऊ. दुसऱ्याला देता का मग? घेईल का कोण?"

मी मुलाला म्हटलं, "चल घरी. खुर्ची नको मला."

"नको कशी?" सून म्हणाली. "खुर्ची मिळाल्याबिगर मी हितनं हलत न्हाय."

मुलगा माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, घेऊ की."

एवढंच म्हणाला. इतके दिवस मी समजत होते की लाज मला एकटीला वाटते. मी मान हलवली.

पाहुणे आले, फोटो झाले. आमची खुर्ची मागच्या दारानं रिक्षात घातली. आता ती मोरीजवळ पडद्याआड असते. सून धरून बसवते, भांडं तीच धुते. मी पोटभर पाणी पिते.

परवा दवाखान्यात पाय दाखवायला नेलं होतं. बाकावर माझ्या शेजारी दोन बायका बोलत होत्या.

"स्टेजवरच गं! त्या खुर्चीतच! लई हसली म्हणं माणसं."

"अगं बाई! कोण व्हती म्हातारी?"

"जेऊरकडची कोण तरी. डोक्यानं अर्धी व्हती म्हणं."

मी पदर तोंडावर ओढला आणि माझा नंबर येईपर्यंत फरशीकडं बघत बसले. म्हातारी जेऊरकडची नव्हती, आणि डोक्यानं चांगली शाबूत होती. ती मी होते.