पुन्हा पहिल्यापासून

वालीवच्या कारखान्यातल्या मालाचा हिशेब ठेवणारा माझा पायथनचा प्रोग्राम अडला, की मी चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बोलवायची. ते चपला भिंतीला टेकवून सरळ ठेवत, स्क्रीनवरचा ‘मॉड्यूल सापडत नाही’ हा संदेश मोठ्याने वाचत आणि लॅपटॉपलाच विचारत, “कुठं ठेवलंस रे बाबा?” प्रत्येक प्रोग्रामला लागणारी पॅकेजेस वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये असतात आणि ते आधी चालू करावं लागतं, हे मला त्यांनीच समजावलं. “खोली उघडलीच नाही, तर आतलं सामान दिसनार कसं, ताई?” त्यांच्या घरी ते एकटे, माझ्या घरी मी.

मला कामं मार्गी लावायची सवय. त्यांच्या सगळ्या पायऱ्या क्रमाने लिहून मी कागद फ्रिजवर चिकटवला आणि चूक स्वतःच सुधारू लागले. एकदा ते जिन्यात भेटले.

“हल्ली अडत नाही वाटतं?”

“नाही हो, जमतं आता.”

“बरं झालं,” म्हणाले, आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत तिथेच उभे राहिले.

त्या रविवारी मी मुद्दाम एन्व्हायर्नमेंट चालू न करता प्रोग्राम चालवला आणि त्यांना फोन केला.

त्यांनी स्क्रीन पाहिली, मग फ्रिजवरचा कागद पाहिला. एन्व्हायर्नमेंट चालू करायची कमांड त्यावर सगळ्यात वर होती. एका ओळीचं काम. पण त्यांनी अख्खं एन्व्हायर्नमेंटच पुसून टाकलं.

“सगळं पुन्हा पहिल्यापासून टाकायला लागनार, ताई. वेळ जाईल.”

“चहा ठेवते,” मी म्हटलं.